वाऱ्याचा रकाना

२००३ साली पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रकरण करायचं होतं. वऱ्हाडात अशा वेळी माणूस आधी कोतवाल बुक शोधतो. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी सरकारी नोंदवही. जी पिढी शाळेत गेलीच नाही, तिची जात सांगणारा कागद बहुतेकदा तेवढाच असतो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावची वही निघाली. पानं कडेनं कुरतडलेली, शाई तपकिरी पडलेली. तिच्यात १९३१ सालची एक ओळ सापडली, माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाची. नाव, बापाचं नाव, जात, वय पंचावन्न. आम्हाला हवं ते सगळं त्यात होतं. नक्कल करणाऱ्या बाबूनं शेवटचा रकानाही इमानदारीनं उतरवून दिला. मरणाचं कारण: ताप.

नक्कल घरी आणली तेव्हा मोठीआई ओट्यावर बसली होती. तिला वाचून दाखवली.

"त्याहिले ताप कुठचा?" ती म्हणाली. "माही सासू सांगे, आंगावरून वारं गेलतं त्याहिच्या. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं. चार महिने खाटीवर होते. शेवटी शेवटी मात्र आंग तापे, छातीत घरघर लागली होती म्हणे."

तिच्या सासूनं सांगितलेल्या या दोन-चार वाक्यांवरून आजचा मेंदूविकारतज्ज्ञ डाव्या मेंदूवर बोट ठेवील, आणि त्यातही बहुधा मधल्या धमनीवर. उजवं अंग आणि वाचा एकाच वेळी जाते ती तिथला पुरवठा तुटला म्हणजे. अशा दहा रुग्णांपैकी सात-आठ जणांत धमनी गुठळीनं बंद झालेली असते, उरलेल्यांत ती फुटलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीच्या दहाव्या आवृत्तीत पहिल्या प्रकाराला आय ६३ हा आकडा आहे. आमच्या या चुलतपणजोबांच्या वाट्याला 'ताप' आला. तो का आला, हे शोधायला लागलो आणि दारव्ह्याहून निघून पॅरिस-शिकागोपर्यंत भटकून आलो.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. पुढे आपल्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणू लागले. यवतमाळ हे नाव १९०५ साली पडलं, त्याच सुमारास वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला. दारव्हा आधीपासून तालुक्याचं ठिकाण. मरणं मोजायची सरकारला गरज का पडली, त्याचं कारण मात्र रयतेत नव्हतं, फौजेत होतं. १८५७ नंतर विलायतेत एक शाही आयोग बसला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची तब्येत तपासून त्यानं १८६३ साली अहवाल दिला. हजारी एकोणसत्तर शिपाई दर वर्षी मरत होते, आणि ते लढाईत नाही, छावणीत मरत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या कामात मागे उभी होती. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या छावण्यांतली गटारं तिला पाठ होती. छावणीतली पटकी शेजारच्या गावातून येते, मग गावातलीही मरणं मोजा, असं ठरलं. १८६० च्या दशकात मध्यप्रांत आणि वऱ्हाडात मृत्युनोंदणी सुरू झाली ती या मार्गानं.

मोजायचं पोलीस पाटलानं. गावात कोणी मेलं की कोतवालानं वर्दी द्यायची, पाटलानं वहीत टिपायचं, टिपता येत नसेल तर पटवाऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि ठरल्या दिवशी ठाण्यात पोचवायचं. ठाण्यातून ते जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्रांताच्या सॅनिटरी कमिशनरकडे. रकाने वरूनच ठरून आलेले होते: पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, छातीचे विकार, इजा आणि शेवटी 'इतर सर्व कारणे'. प्लेग आला तसा त्याचा रकाना वाढला. इजांत आत्महत्या, सर्पदंश आणि रानटी जनावरांनी मारलेले यांना पोटरकाने होते. म्हणजे वाघानं मारलेल्या माणसाची सरकारदरबारी वेगळी जागा होती. वारं गेलेल्याची नव्हती.

पाटलावर हसायला सोपं आहे. १९४६ च्या भोर आरोग्य समितीनंही या पद्धतीवर ताशेरे ओढले होते: गावच्या माणसानं सांगितलेलं कारण, त्यात 'ताप' म्हणजे काहीही. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं मध्यप्रांत-वऱ्हाडात घरंच्या घरं ओस पाडली, तीही बरीचशी तापाच्याच रकान्यात गेली. पण पाटलाच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? समोर सात-आठ खण आहेत. मेलेल्या माणसाच्या घरचे सांगताहेत की शेवटचे चार दिवस अंग भाजत होतं. मीही ताप लिहिला असता. पुढे दिसेल, की त्या पाटलानं डॉक्टरांच्या फॉर्मवरची एक ओळ बरोबर लिहिली होती. खालची ओळ लिहायला त्याच्याकडे जागा नव्हती.

लंडनमध्येही याहून वेगळं काही चाललं नव्हतं. तिथं सतराव्या शतकात मृतदेह पाहून कारण सांगायला गरीब म्हाताऱ्या नेमलेल्या असत. त्यांनी सांगितलेल्या कारणांच्या छापील याद्या दर आठवड्याला निघत. जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं १६६२ साली त्या याद्या एकत्र करून पहिलं मृत्यूंचं गणित मांडलं. त्याच्या यादीत 'ॲपोप्लेक्सी' आहे, 'अचानक' आहे आणि 'ग्रह' हेसुद्धा एक कारण आहे. ग्रहाचा तडाखा बसून मेलेली माणसं! त्याच्या चारच वर्षं आधी, १६५८ साली, योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानं ॲपोप्लेक्सीनं, म्हणजे अचानक झटक्यानं, मेलेल्यांचे मृतदेह उघडून पाहिले होते. काहींच्या मेंदूत रक्त सांडलेलं होतं, तर काहींत मेंदूकडे जाणारी नळी बंद होती. पुढे विर्खो या जर्मन वैद्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गुठळी जागेवर कशी धरते आणि दुसरीकडून वाहत येऊन कशी अडकते, हे वेगळं करून दाखवलं. थ्रॉम्बस आणि एम्बोलस हे दोन शब्द तेव्हापासून प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मानगुटीवर बसले. पण ही सगळी विद्या मेल्यानंतरची. जिवंत माणसाच्या कवटीत नळी फुटली की तुंबली, हे कोणालाच दिसत नव्हतं.

आपल्या भाषेनंही आपल्या परीनं नाव ठेवलं होतंच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अठ्ठाविसावा अध्याय आहे. पक्षवध, अर्दित हे विकार तिथले. त्यातून पक्षाघात, अर्धांगवायू. लकवा हा शब्द युनानी हकिमांबरोबर अरबीतून आला. मुळात तो फक्त तोंड वाकडं होण्याचा आजार, पण वऱ्हाडात निजामीच्या सव्वाशे वर्षांत तो उतरत उतरत पायापर्यंत आला. ग्रीक, इंग्रजी, संस्कृत तिन्ही भाषांना हा आजार म्हणजे कोणीतरी घातलेला घाव वाटतो. मराठी माणूस मात्र म्हणतो, वारं गेलं. घाव घालणारा कोणी नाही, वारा आपल्या वाटेनं जात होता आणि माणूस मध्ये आला. मला हे जास्त खरं वाटतं, पण तो माझा पक्षपात झाला.

आता पॅरिस. तिथल्या नगरपालिकेच्या आकडेवारी खात्याचा प्रमुख होता झाक बर्तियों. घराणंच मोजणाऱ्यांचं. आजा अशिल गियार यानं 'डेमोग्राफी' हा शब्द काढला. भाऊ अल्फोन्स गुन्हेगारांची बोटं, कान, डोकी मापून त्यांची पत्रकं ठेवायचा. एकानं चोर रकान्यांत बसवले, दुसऱ्यानं मढी. झाकनं १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या बैठकीत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि ती स्वीकारली गेली. १९०० च्या ऑगस्टात पॅरिसला सव्वीस देशांचे प्रतिनिधी बसले आणि १७९ कारणांची पहिली आंतरराष्ट्रीय सूची झाली. तिच्यात मज्जासंस्थेच्या विकारांत तीन आकडे लागोपाठ येतात. ६४: मेंदूतला रक्तस्राव, ॲपोप्लेक्सी. ६५: मेंदू मऊ पडणे. ६६: कारण न सांगितलेला पक्षाघात. मधला ६५ म्हणजे दहाव्या आवृत्तीतल्या आय ६३ चा आजा. पुरवठा तुटलेला मेंदूचा तुकडा मेल्यावर लोण्यासारखा होतो, तो शवविच्छेदनात बोटाला लागे, म्हणून 'मऊ पडणे'. आणि ६६ हा मोठीआईच्या सासूचा आकडा: दिसलं ते सांगितलं, आत काय झालं ते देव जाणे.

या यादीची दर दहा वर्षांनी डागडुजी व्हायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत मेंदूतला रक्तस्राव ३३१ झाला आणि गुठळी ३३२, पण दोघंही अजून मज्जासंस्थेच्याच घरात. मग आठव्या आवृत्तीत, १९६८ पासून, त्यांना उचलून रक्ताभिसरणाच्या प्रकरणात नेऊन बसवलं. युक्तिवाद सरळ होता: बिघाड नळीत आहे, मग नळ्यांच्या खात्यात टाका. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं जगभरचे मेंदूचे आजार मोजताना सर्वांत जास्त जीव घेणारा आजार हृदयरोगाच्या पारड्यात पडत राहिला. मज्जासंस्थेच्या तक्त्यात पाहावं तर फिट, पार्किन्सन, मेंदूज्वर, आणि पक्षाघाताचा पत्ता नाही. विभाग ठरतो त्यावर पैसा ठरतो, डॉक्टरांच्या जागा ठरतात. मेंदूवाल्यांनी याविरुद्ध बरीच वर्षं भांडण मांडलं. राद शाकीर आणि बो नोरविंग यांची नावं त्यात पुढे होती. अकराव्या आवृत्तीच्या मसुद्यात एकदा तो आजार इकडे आला, पुन्हा तिकडे गेला, शेवटी मज्जासंस्थेत आला. १ जानेवारी २०२२ पासून ही आवृत्ती लागू झाली. लेक माहेरी परतली, एवढंच म्हणायचं. नवा आकडा ८बी११.

गंमत अशी की आपल्या खेड्यांतल्या मोजणीत ती माहेरीच होती. १९६० च्या दशकात भारताच्या महानिबंधकांनी ग्रामीण मृत्यूंच्या कारणांची एक पाहणी सुरू केली. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कर्मचारी मृताच्या घरी जायचा, लक्षणं विचारायचा आणि एका छोट्या यादीतून कारण निवडायचा. डॉक्टर नसताना कारण कसं लिहावं, याची ती पद्धत होती. ताप, खोकला, पोटाचे विकार, बाळंतपण, म्हातारपण असे मोठे गट. आणि मध्यवर्ती मज्जासंस्थेचे विकार या गटात एक साधा शब्द: पॅरालिसिस. जिनिव्हात आजाराला हृदयाच्या आळीत राहायला पाठवलं होतं, इकडे आरोग्य कर्मचारी त्याला मेंदूच्या घरात टाकत होता. त्याला कोणी वाद घालून पटवलेलं नव्हतं. हात-पाय गेले म्हणजे नसांचं काम, एवढं त्याला कळत होतं.

तोपर्यंत लंडनमध्ये एक गोष्ट घडून गेली होती. १ ऑक्टोबर १९७१ ला विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रानं एका जिवंत बाईच्या मेंदूचं पहिलं छायाचित्र घेतलं. सी.टी. स्कॅन. मेंदूत रक्त सांडलं असेल तर त्यात पांढरं दिसतं, पुरवठा तुटून मेलेला भाग काही तासांनी काळवंडतो. वेप्फरला मढं उघडून जे पाहावं लागलं, ते आता फिल्मवर. ६४, ६५ आणि ६६ यांतलं भांडण पहिल्यांदा खरंच सुटण्यासारखं झालं. ज्याच्याजवळ यंत्र, त्याच्यापुरतं.

इथून पुढची गोष्ट मला एका फॉर्मवर दाखवायची आहे, कारण सगळा खेळ तिथं आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं डॉक्टरला मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यायला लावला. रुग्णालयात मेलेल्यासाठी नमुना ४, घरी मेलेल्यासाठी ४-अ. त्यात पहिल्या भागात अ, ब, क अशा तीन ओळी एकाखाली एक. अ वर लगेचचं कारण, ब वर ते ज्यामुळे झालं ते, क वर त्याच्याही मुळाशी असलेलं. आकडा द्यायचा तो मुळाचा, शेंड्याचा नाही. आमच्या १९३१ च्या चुलतपणजोबांचा हा नमुना आज भरला तर अ वर येईल न्यूमोनिया, चार-पाच दिवस: गिळता न येणाऱ्या, पडून असलेल्या माणसाच्या छातीत अन्न-पाणी उतरतं, घरघर लागते, अंग तापतं. ब वर येईल मेंदूचा इन्फार्क्ट (पुरवठा तुटून मेलेला तुकडा), चार महिने. क वर कदाचित रक्तदाब, किती वर्षं कोण जाणे. पाटलानं अ ओळ लिहिली होती. इतकाच त्याचा गुन्हा.

कोडिंग करणारा माणूस डॉक्टर नसतो. तो फॉर्मवरचे शब्द वाचतो आणि दहाव्या आवृत्तीच्या जाड पुस्तकात आकडा शोधतो. नियम त्याला बांधलेले. वर सांगितलेल्या उदाहरणात सरळ चाललं तर मुळाशी रक्तदाब आहे, पण रक्तदाब आणि मेंदूची रक्तवाहिनी एकत्र आली तर मान मेंदूला द्यायचा, असा जोडनियम आहे. म्हणून आय ६३. पण डॉक्टरनं शब्द काय वापरला, त्यावर सगळं अवलंबून. 'इन्फार्क्ट' लिहिलं तर आय ६३. गुठळी कुठल्या धमनीत, तिथंच झाली की हृदयातून आली, हे लिहिलं तर दशांशाच्या पुढचा आकडाही मिळतो: ६३.३ म्हणजे मेंदूच्या धमनीत धरलेली, ६३.४ म्हणजे वाहत येऊन अडकलेली. 'सी.व्ही.ए.' ही तीन अक्षरं लिहिली तर आय ६४, फुटलं की तुंबलं ते माहीत नाही. नुसतं 'हेमिप्लेजिया', म्हणजे अर्धं अंग लुळं, लिहिलं तर माणूस हृदयाच्या प्रकरणातून निघून थेट जी ८१ मध्ये जातो, 'पॅरालिसिस' लिहिलं तर जी ८३ मध्ये. 'म्हातारपण' लिहिलं तर आर ५४. आणि घाईत 'हृदय व श्वसनक्रिया बंद' लिहिलं, जे फार डॉक्टर लिहितात, तर आजार पार पुसलाच जातो. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मेलंय? तालुक्याच्या डॉक्टरला समोरच्याला काय झालं ते नव्वद टक्के कळलेलं असतं, पण स्कॅन नसताना इन्फार्क्ट लिहायला त्याची लेखणी धजत नाही, आणि धजू नये हेच बरोबर. तो 'सी.व्ही.ए.' लिहितो. म्हणजे आय ६३ आणि आय ६४ यांच्यातलं अंतर पुष्कळदा आजाराचं नसून रस्त्याचं असतं. दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. मोतीबाग स्टेशनावरून शकुंतला ही आगगाडी सुटायची त्या काळात तर त्या प्रवासात वेळ मोजायची रीतच नव्हती. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि ते द्यायच्या आधी रक्त सांडलेलं नाही याची खात्री स्कॅनवर करावी लागते. नाहीतर औषधच जीव घेईल.

दुसऱ्या टोकाला अमेरिका. तिथं १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचं त्यांनी स्वतःसाठी फुगवलेलं रूप विम्याच्या बिलांसाठी सक्तीचं झालं. चौदा हजारांच्या आसपास कोड होते ते सत्तर हजारांच्या घरात गेले. उजव्या मधल्या धमनीत वाहत आलेली गुठळी: आय ६३.४११. डाव्या: ४१२. हे कोड लावण्याचं पुष्कळ काम भारतात होतं, आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत रात्रपाळीला बसणाऱ्यांत वऱ्हाडची पोरंही असतात. परक्या देशातल्या म्हातारीची गुठळी कुठल्या बाजूच्या कुठल्या धमनीत, हे त्यांना सहा अक्षरांत लिहावं लागतं. चुकलं तर बिल परत येतं. त्यातला एक बारकावा मला फार दिवस छळत होता: अमेरिकेच्या सूचीत आय ६४ नाहीच. तिथं कोणी नुसतं 'स्ट्रोक' लिहिलं तर सूची त्याला आय ६३.९ कडे, म्हणजे गुठळीकडे पाठवते. प्रत्येकाचा स्कॅन होणारच, न सांगितलेलं म्हणजे नेहमीचंच असणार, असं गृहीत धरायची ती चैन आहे. मूळ जागतिक सूचीत ६४ अजून आहे, तो आपल्यासारख्यांसाठी.

मग आपल्या खेड्यांत वाऱ्यानं किती माणसं नेली, हे कोणी मोजलं का? २०२० साली देशभरातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहिलेले फक्त २२.५ टक्के होते. उरलेल्यांचं कारण घरच्यांच्या तोंडूनच कळणार. महानिबंधक आणि टोरंटोचे प्रभात झा यांनी २००१ नंतर दहा लाख मृत्यूंचा अभ्यास काढला, त्यात हेच केलं. पाहणी करणारा घरी जाऊन लक्षणं विचारायचा आणि अर्ध्या पानात त्या त्या भाषेत हकिगत लिहून आणायचा. मग ती भाषा जाणणारे दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती वाचून आकडा द्यायचे. मराठी हकिगत मराठी जाणणाऱ्याकडेच जायची. 'वारं गेलं' म्हणजे काय, ते कळायला दुसरा इलाज नाही.

आणि आपल्याच विदर्भात गडचिरोलीला, बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेत, डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं ८६ गावांत प्रत्येक मृत्यूचा माग काढला. हे मेंदूविकारतज्ज्ञ, अमेरिकेत काम करून परत आलेले. ९४ हजार वस्तीत १५९९ मृत्यू झाले. त्यांतले २२९ पक्षाघाताचे, म्हणजे सातात एक. इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. मलेरियाच्या, कुपोषणाच्या, बालमृत्यूंच्या बातम्यांतून आपल्याला माहीत असलेल्या जिल्ह्यात मरणाचं पहिलं कारण हे निघालं. त्या २२९ पैकी ८७.३ टक्के माणसं घरी मेली. म्हणजे दाखल्याच्या वाटेनं गेलं असतं तर हे मृत्यू कोणाच्याच तक्त्यात आले नसते. आणि पहिल्या महिन्याच्या आत मेले ते ४६.३ टक्केच. निम्म्याहून जास्त जण आमच्या चुलतपणजोबांसारखे खाटेवर पडून, महिनोन्महिने. मुंबईत डॉ. प्र. म. दलाल यांच्या चमूनं २००५-०६ मध्ये एका वॉर्डात ४५६ जणांचा पहिला झटका नोंदवला, त्यातल्या बहुतेकांचा स्कॅन झालेला होता, आणि ८० टक्क्यांत गुठळी निघाली. मुंबईला गुठळी दिसली, गडचिरोलीला मरणं दिसली. दोन्ही एका जागी पाहायला अजून वेळ आहे.

वाऱ्यालाही अलीकडे जागा मिळाली, ते सांगायचं राहिलं. १० जानेवारी २०२४ ला दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेनं अकराव्या सूचीचा आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचा भाग जाहीर केला. वाताचे विकार आता जिनिव्हाच्या संगणकात आहेत. फक्त एक अट आहे: हे प्रकरण आजार नोंदवायला वापरायचं, मरणाचं कारण लिहायला नाही. वाऱ्यानं माणूस आजारी पडू शकतो. मरू शकत नाही.

मोठीआईच्या अंगावरून २००४ च्या दिवाळीनंतर वारं गेलं. सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली आणि तोंड वाकडं झालं. शेजारचे कबुतराचं रक्त चोळा म्हणत होते. आम्ही जीप करून यवतमाळला नेलं, पोचेपर्यंत साडेचार तास केव्हाच उलटले होते, आणि तेव्हा ते औषध मिळेल अशी आशाही कोणाला नव्हती. स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून उजव्या बाजूचा काळा पट्टा बोटानं दाखवला. रक्त नाही, गुठळी आहे, म्हणाले. ती दोन वर्षं जगली. डावा हात उराशी मुडपलेला, पाय ओढत मोरीपर्यंत जायची, कापूस वेचायला बायका लवकर जात नाहीत म्हणून ओट्यावरूनच ओरडायची. २००६ च्या डिसेंबरात रात्री झोपेत गेली.

चौथ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं नमुना २ पुढे ओढला. वरचा भाग कायद्याचा, खालचा आकडेवारीचा, मध्ये फाडायची रेघ. तो भला माणूस, ओळखीचा. नाव, वय, पत्ता झाला. "कशानं गेल्या?" मी दोन वर्षांचं सगळं सांगितलं, स्कॅनचंही. झटक्याला वर्ष उलटून गेलं की आकडा बदलतो, तो आय ६३ राहत नाही, मागे राहिलेल्या परिणामांचा आय ६९.३ होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी उपयोग नव्हता, कारण डॉक्टरचा दाखला आमच्याजवळ नव्हता. त्यानं पेन थोडा वेळ वर धरला, मग लिहिलं: लकवा. पुढचा प्रश्न फॉर्मवर छापलेलाच होता.

"तंबाखू खायच्या का? किती वर्षं?"

खायची. कधीपासून, ते सांगू शकणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मी अंदाजानं साठ म्हटलं. त्यानं साठ लिहिलं, पट्टी रेघेवर ठेवून खालचा भाग फाडला आणि टेबलावरच्या दगडाखाली बाकीच्या चिठ्ठ्यांत सरकवला. वरचा भाग त्याच्या रजिस्टरात राहिला. स्कॅनची फिल्म अजून कपाटामागे आहे, पिवळ्या पाकिटात.